जॉगिंग ट्रॅकसाठी घर बदलायचं का?

पुण्यात कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या वाचक भगिनीचं हे पत्र. घरात नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांचे सासरे. सासऱ्यांना मधुमेह आहे. पूर्वी ते सकाळी दूध आणि पेपर आणायला जायचे, संध्याकाळी वाचनालय, मग मित्रांचा कट्टा आणि येताना भाजी. गेल्या पावसाळ्यात फुटपाथच्या निखळलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय पडून ते कोसळले आणि मनगट मोडलं. प्लास्टर कधीच निघालं, पण ते आता सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकत नाहीत. साखर वाढू लागली आहे आणि डॉक्टर ‘रोज चालायला हवं’ म्हणून बजावताहेत. मुलीची शाळा पायी पंधरा मिनिटांवर आहे, तरी वाटेतल्या चौकाच्या धास्तीने ती व्हॅनने जाते. नवऱ्याचं म्हणणं, हा फ्लॅट विकून चांदणी चौकाच्या पलीकडे एका टाउनशिपमध्ये जाऊ. तिथे जॉगिंग ट्रॅक आहे, बाग आहे, आत गाड्यांचा त्रास नाही. ‘इथे राहून आम्ही सासऱ्यांच्या तब्येतीशी खेळतोय का? आणि फुटपाथ सुधारणं आपल्यासारख्यांच्या हातात असतं का?’ असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या भीतीबद्दल आधी बोलू, कारण ती अनाठायी नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यांत जवळपास पाचांतलं एक माणूस पायी चालणारं होतं. तेव्हा ‘काही होत नाही, पाठवा त्यांना बिनधास्त’ असं मी मुळीच म्हणणार नाही. एकदा पडलेल्या माणसाला पुन्हा त्याच फुटपाथवर पाठवताना घरच्यांच्या पोटात गोळा येणारच.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, तीच मला तपासून बघावीशी वाटते. चालणं म्हणजे व्यायाम आणि व्यायामासाठी वेगळी, राखीव जागा हवी, असं तुम्ही दोघांनीही धरून चाललाय. आता तुम्हीच लिहिलेली सासऱ्यांची दिनचर्या पुन्हा वाचा. दूध, पेपर, वाचनालय, कट्टा, भाजी. यातल्या एकाही फेरीला घरात कोणी व्यायाम म्हटलं नसेल. त्यांनी स्वतःही नसेल म्हटलं. तरी वर्षानुवर्षं त्यांची साखर आटोक्यात ठेवायला औषधांइतकाच या फेऱ्यांचा हातभार लागला असणार. त्या बंद झाल्या आणि आकडे वर गेले.

वैद्यकशास्त्राला हे कळलं तेच मुळी बसमध्ये. जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांच्या तब्येती ताडून पाहिल्या आणि १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बस तीच, शहर तेच, पगाराची माणसंही साधारण सारख्याच घरांतली. पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिन्यावरून वर-खाली. कंडक्टरांमध्ये हृदयविकार स्पष्टपणे कमी निघाला. त्यासाठी कंडक्टरला ट्रॅकवर फेऱ्या माराव्या लागल्या नाहीत. त्याचं काम त्याला चालवत होतं. तुमच्या सासऱ्यांना त्यांची गल्ली चालवत होती.

म्हणून टाउनशिपबद्दल माझा पहिला प्रश्न ट्रॅक किती लांब आहे हा नाही. तिथून चालत कुठे जाता येतं, हा आहे. ब्रोशर बाजूला ठेवा आणि आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, सासऱ्यांना घेऊनच तिथे जा. रविवारी जाऊ नका, रविवारी सगळीच ठिकाणं बरी दिसतात. तुम्ही दोघं ऑफिसात आणि नात शाळेत आहे असं समजून बघा: त्यांना एकट्याला औषधाचं दुकान गाठता येईल का? केस कापायला, बँकेत, देवळात? फाटकातून बाहेर पडल्यावर बसथांबा कुठे आहे आणि तिथवर फुटपाथ आहे की ट्रक धावणाऱ्या रस्त्याची कड? रस्ता ओलांडायचा तर कुठून? संध्याकाळी सातला पुन्हा एकदा फाटकाबाहेर उभ्या राहा आणि तिथे घरकामाला येणाऱ्या मावशी कशा परततात ते पाहा. ट्रॅक रहिवाशांसाठी असतो, पण टाउनशिपमधून बाहेर पडायला सगळ्यांना तोच रस्ता.

काही टाउनशिपमध्ये आतच दुकानं, दवाखाना, वाचनालय, ज्येष्ठांचा गट असं सगळं असतं, हेही खरं. तशी असेल तर नवऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे आणि मी ते उडवून लावणार नाही. पण केवळ गोल फिरण्यासाठी ट्रॅक असेल आणि कोथिंबिरीच्या जुडीलाही गाडी काढावी लागणार असेल, तर पहिले दोन महिने उत्साहात जातील आणि मग सासरे तिथल्या सोफ्यावर बसतील. आज निदान कट्ट्यावरची माणसं ‘का हो, दिसला नाहीत’ म्हणून फोन तरी करतात. कोथरूडमध्ये तुमच्या हाताशी आज किराणा, दवाखाना, मंडई, शाळा, वाचनालय आणि २०२२ पासून मेट्रोसुद्धा आहे. हे विकून टाकलं की पुन्हा विकत घेता येत नाही. फुटपाथ खराब आहे, मान्य. पण फुटपाथ दुरुस्त होऊ शकतो. बिल्डरने एकदा वस्ती महामार्गापलीकडे टाकली की मंडई तिच्याजवळ आणता येत नाही.

आता सासऱ्यांकडे वळते, कारण घर बदलो न बदलो, त्यांनी उद्यापासून हलायला हवं.

पडल्यानंतर हाड जुळतं, पण पडण्याची भीती मागे राहते. भीतीने माणूस चालत नाही, न चालल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू गळतात, तोल बिघडतो आणि पुन्हा पडण्याचा धोका उलट वाढतो. त्यामुळे त्यांना ‘चला हो, काही होत नाही’ म्हणून ओढू नका. आधी डॉक्टरांकडे एक नीट चक्कर मारा. डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, उठून उभं राहिल्यावर रक्तदाब खाली येतो का, एखाद्या गोळीने गरगरतं का आणि मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालीय का, एवढं तपासून घ्या. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण पायाखालचा ब्लॉक हलतोय हे पायालाच कळलं नाही तर चांगला फुटपाथही पुरत नाही. फिजिओथेरपिस्टकडून तोल सावरण्याचे व्यायाम शिकून घ्या. पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून निदान तीनदा करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. चपला घालून फिरायला जाऊ देऊ नका. टाच बंद असलेले, न घसरणारे बूट हवेत. रोज रात्री तळवे बघायचे, फोड किंवा जखम नाही ना याची खात्री करायची. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणारी गोळी चालू असेल तर खिशात साखर ठेवायची आणि रिकाम्या पोटी लांब जायचं नाही.

मग सुरुवात शतपावलीने. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारातच, तुमच्यासोबत. जेवणानंतरच्या चालण्याने चढणारी साखर खाली राहायला मदत होते, म्हणजे जिथे त्यांना गरज आहे नेमकं तिथेच काम होतं. दहा हजार पावलांचं ओझं मात्र त्यांच्यावर टाकू नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, कुठल्या दवाखान्यातून नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक ज्येष्ठ स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय बहात्तर होतं. दिवसाला साधारण २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साडेसात हजारांच्या पुढे फरक फारसा वाढत नव्हता. जास्त चालता येणारी माणसं मुळात जास्त धडधाकट असतात, हे धरूनही त्यातून एक दिलासा मिळतो: थोडं वाढवलं तरी उपयोग आहे.

आवारात हिंमत आली की मग फाटकाबाहेर. पण ‘फिरायला’ म्हणून नको, काहीतरी आणायला म्हणून. पेपर घरपोच येत असेल तर बंद करा.

आता फुटपाथ. तुमच्या पत्रात त्याबद्दल राग आहे, पण तपशील कमी आहे आणि महापालिकेला राग पाठवून उपयोग नसतो. एकदा सासऱ्यांच्या गुडघ्यांनी तो रस्ता चालून बघा. आमच्या भागातला असाच एक तुकडा सांगते. फुटपाथ कागदोपत्री सलग आहे. प्रत्यक्षात दर सोसायटीच्या फाटकापाशी तो तोडलेला. गाडीला धक्का बसू नये म्हणून तिथे उतार केलाय, म्हणजे चालणाऱ्याने दर पंचवीस-तीस पावलांवर खाली उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं. चढ कुठे सहा इंच, कुठे फूटभर. मधे विजेचा डीपी, त्याला वळसा घातला की दोन दुचाक्या स्टँडवर, त्यांच्या पुढे तोडलेल्या झाडाचा बुंधा. शेवटी म्हातारी माणसं फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालतात आणि स्कूटरवाला ओरडतो, ‘आजोबा, फुटपाथ कशाला बांधलाय?’

यातल्या प्रत्येक गोष्टीला नियम आहे. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सोयींबद्दलच्या मार्गदर्शक सूचना, म्हणजे आयआरसी १०३, सांगतात की फुटपाथवर चालण्यासाठी कमीत कमी १.८ मीटर रुंदी मोकळी हवी, बाजारपेठेत त्याहून जास्त, आणि उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. फाटकापाशी फुटपाथ आपल्या उंचीवरच सलग राहावा आणि उतार चढायचा तो गाडीने. पुणे महापालिकेने तर २०१६ मध्ये स्वतःचं पादचारी धोरण मंजूर केलं आहे. जंगली महाराज रस्त्याचे रुंद फुटपाथ त्यानंतरच्या काळातले. जाऊन बघा, सोबत सासऱ्यांना न्या: बसायला बाक आहेत, मुलं खेळतात, म्हाताऱ्यांना थांबत थांबत जाता येतं. आपल्याच शहरात, आपल्याच पैशांतून हे झालं आहे. आणि १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अडथळा नसलेला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात.

आता करायचं काय? सगळं कोथरूड सुधारायला निघू नका. घर ते वाचनालय एवढाच एक तुकडा धरा. मेजरिंग टेप, मोबाइल आणि मुलगी सोबत घ्या. जिथे ब्लॉक निखळलाय, जिथे उंची जास्त आहे, जिथे रुंदी अडवलीय तिथे टेप लावून फोटो काढा आणि प्रत्येक फोटोखाली जवळच्या सोसायटीचं किंवा दुकानाचं नाव आणि माप लिहा. सासरे जिथे पडले ती जागा पहिली. हा अर्ज आयआरसीचा आणि पादचारी धोरणाचा उल्लेख करून क्षेत्रीय कार्यालयात द्या, पोच घ्या आणि एक प्रत प्रभागातल्या नगरसेवकांना. सही एकटीची नको. वाचनालयाच्या सभासदांच्या, कट्ट्यावरच्या मंडळींच्या, शाळेतल्या पालकांच्या सह्या घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा की या फुटपाथचं काम शेवटचं कधी झालं, किती पैसे दिले आणि दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर कधीपर्यंत आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. असा नेमका प्रश्न गेला की बहुतेकदा माणूस पाहणीला येतो.

दुसरी वाट पुणेकरांनाही पुरेशी माहीत नाही. आपल्याकडे २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. अर्ज साधा असतो. फुटपाथ दुरुस्ती, बाक, क्रॉसिंग अशी छोटी कामं त्यात बसतात. साधारण पावसाळ्यात अर्ज मागवतात, तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात तारीख विचारून ठेवा. दोन कामं लिहा: फुटपाथ आणि शाळेजवळच्या चौकात उंचावलेलं क्रॉसिंग, ज्यावर गाडीला वेग कमी करावाच लागतो.

एक विनंती. ही तक्रार लिहिताना भाजीवालीला आरोपी करू नका. फुटपाथ मोकळा करा म्हटलं की सगळ्यात आधी टोपली उचलली जाते आणि दुचाक्या तिथेच राहतात. सासऱ्यांना संध्याकाळी बाहेर काढणारं एक कारण तीच तर आहे आणि तिच्यामुळे अंधार पडल्यावरही त्या गल्लीत माणसांची जाग असते. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. जागा आखून दिली तर चालणारे आणि विकणारे दोघंही मावतात. गाडी लावायला जागा नाही म्हणून फुटपाथ खायचा, हे मात्र कुठल्याच कायद्यात बसत नाही. तुमच्या सोसायटीतल्या पाहुण्यांच्या गाड्या कुठे लागतात, तेही बघून घ्या. दुकानदार कुरकुरतील की गाडी थांबली नाही तर गिऱ्हाईक तुटेल. त्यांना ११ डिसेंबर २०२१ ची आठवण द्या. त्या दिवशी महापालिकेने बाजारपेठेतल्या लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला होता. लक्ष्मी रस्त्यावर खरेदी नेहमी पायीच होते, गाडी फक्त तिथवर पोचवते.

मुलीबद्दल. मुलांना रोज साठ मिनिटं हालचाल हवी, असं आरोग्य संघटना सांगते. जाऊन-येऊन अर्धा तास शाळेच्या वाटेवरच भागतो आणि त्यासाठी कुठला क्लास लावावा लागत नाही. एकटीला पाठवू नका. सोसायटीत आणि आजूबाजूला त्याच शाळेची चार-सहा मुलं नक्की असतील. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यांवरून एकेकाला घेत सगळ्यांनी मिळून जायचं आणि पालकांनी वार वाटून घ्यायचे. घोळका दिसला की गाडीवाला थांबतो, एकट्या मुलीसाठी थांबत नाही. सासऱ्यांना लगेच या कामाला जुंपायचा मोह होईल, पण तोल सावरेपर्यंत चौक ओलांडून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर नको. फाटकापासून पहिल्या कोपऱ्यापर्यंत नातीला सोडायला जाऊ देत. आठवड्यातून दोनच दिवस जमलं तरी सुरू करा, व्हॅन लगेच बंद करायची गरज नाही.

शेवटी घराचा निर्णय. तुमच्या एवढ्या लांब पत्रात नवऱ्याचं मत आहे, डॉक्टरांचं आहे, तुमचं आहे. सासऱ्यांचं एकही वाक्य नाही. त्यांना विचारलंय का? त्यांच्यासाठी म्हणून घर बदलायचं आणि त्यांनाच शेवटी सांगायचं, असं होऊ देऊ नका. नवऱ्याशी वाद घालू नका. त्याला वडिलांची काळजी आहे म्हणूनच तो हे बोलतोय. त्याच्यासोबत तो वाचनालयापर्यंतचा तुकडा एकदा चाला, टेप त्याच्या हातात द्या.

आणि एवढं करूनही टाउनशिप हवीशी वाटली, सासऱ्यांनाही पटली, तर फ्लॅट लगेच विकू नका. कोथरूडचा भाड्याने द्या आणि तिथे अकरा महिन्यांच्या करारावर राहून बघा, त्यात एक अख्खा पावसाळा येईल असा मुहूर्त धरा. त्या काळात घरातलं कोण, किती वेळा, गाडी न काढता फाटकाबाहेर गेलं याची नोंद कॅलेंडरवर ठेवा. करार संपेल तेव्हा विकायचं की परत यायचं, हे चौघांनी ते कॅलेंडर समोर ठेवून ठरवा.